टॅक्रोलिमसची लेव्हल डोसला जुमानत नाही? आधी प्लाझ्मा लावून बघा

चंचुपात्र

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची टॅक्रोलिमस (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) लेव्हल २२ नॅनोग्रॅम प्रति मिली आली, म्हणजे फारच वर. डोस निम्मा केला, लेव्हल २१. गोळी तीन दिवस बंद ठेवली, लेव्हल २०. क्रिएटिनिन जागच्या जागी, हात थरथरत नाहीत, पोटॅशियम ठीक. अशा वेळी लॅबला फोन येतो, "नमुना परत लावा." परत लावला की परत २० येतं आणि सगळ्यांची खात्री पटते की आकडा खरा आहे. घोटाळा नेमका इथेच होतो. यंत्र बिघडलेलं नसतं, कंट्रोल (ठाऊक आकड्याचे तपासणी-नमुने) बरोबर आलेले असतात, त्यामुळे तोच नमुना त्याच यंत्रावर दहा वेळा लावला तरी उत्तर तेच येणार.

खोट्या वाढीच्या सगळ्यात जास्त नोंदी अ‍ॅक्मिया या पद्धतीच्या आहेत (अँटीबॉडी आणि चुंबकीय कण वापरून औषध मोजणारी चाचणी). त्यात नळीत काय घडतं ते आधी बघू. रक्त यंत्रातच डिटर्जंटने फोडलं जातं आणि टॅक्रोलिमस मोकळं होतं. मग त्यात टॅक्रोलिमसला धरणारी अँटीबॉडी घालतात. तिला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम जोडलेलं असतं. जिला औषध मिळालं ती भरलेली, जिला मिळालं नाही ती रिकामी. पुढे टॅक्रोलिमससारख्या रेणूचा लेप दिलेले क्रोमियम डायऑक्साइडचे चुंबकीय कण येतात. रिकाम्या अँटीबॉडी या कणांना चिकटतात, चुंबक कण बाजूला ओढतो, आणि वरच्या द्रवात उरलेलं एन्झाइम पिवळ्या सब्स्ट्रेटचा रंग लाल करतं. रंग जास्त म्हणजे औषध जास्त, असा हिशेब.

आता रुग्णाच्या रक्तात अशी एखादी अँटीबॉडी असेल जी या एन्झाइमवाल्या अँटीबॉडीलाच मिठी मारते, तर रिकामी असूनही ती कणांपर्यंत पोचत नाही. ती वरच्या द्रवात राहते, रंग देते, आणि यंत्र तिला औषध समजतं. औषध शून्य असलं तरी आकडा २० येऊ शकतो तो असा.

पडताळणीची किल्ली औषधाच्या स्वभावात आहे. टॅक्रोलिमस लाल पेशींत एफके-बाइंडिंग प्रथिनाला बांधलेलं राहतं. संपूर्ण रक्त आणि प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) यांतल्या पातळीचं गुणोत्तर सरासरी ३५ च्या आसपास, रुग्णागणिक साधारण १२ ते ६७. म्हणजे रक्तात खरोखर २० नॅनोग्रॅम असेल तर प्लाझ्मात फार तर दीड-पावणेदोन, बहुतेकांत अर्धा-पाऊण. अँटीबॉडी मात्र प्लाझ्मातच असते. तेव्हा त्याच ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतला प्लाझ्मा वेगळा करून यंत्रावर लावा. प्लाझ्माच १५-२० दाखवत असेल तर ते औषध नव्हे.

रात्रपाळी

छान मांडलंय. बाकावर बसून करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण ही पडताळणी सोपी असली तरी चुकते.

नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करा. गाठ आहे का ते लाकडी काडीने बघा. १ मिली रक्त वेगळ्या नळीत घ्या आणि पातळीला पेनने खूण करा. ही खूण पुढे लागणार आहे. १५०० ते २००० जी वर १० मिनिटं फिरवा. वरचा प्लाझ्मा काढून वेगळा ठेवा, पांढऱ्या थराला धक्का न लावता. मग सलाइन खुणेपर्यंत भरा, हलकेच मिसळा, परत फिरवा, वरचं पाणी काढा. असं दोनदा. शेवटी परत खुणेपर्यंत सलाइन घालून पेशी मिसळा. आता तुमच्याकडे तीन नमुने झाले: मूळ रक्त, प्लाझ्मा, धुतलेल्या पेशी. तिन्ही एकाच रनमध्ये लावा.

खूण का? शेवटी सलाइन कमी पडलं तर पेशी दाट होतात आणि लेव्हल वाढलेली दिसते. जास्त पडलं तर पातळ होऊन खोटी घट दिसते आणि तुम्ही "सापडली अँटीबॉडी" म्हणून मोकळे होता.

दुसरं, शेजारी दुसऱ्या रुग्णाचा साधा नमुना याच पद्धतीने धुवा. धुताना थोडं औषध पेशींतून निसटतंच. किती निसटलं हे त्या जोडीदार नमुन्यावरून कळतं. समजा तो १० वरून ८ वर आला आणि संशयित २० वरून २ वर, तर उत्तर समोर आहे. जोडीदाराशिवाय केलेल्या धुण्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तिसरं, प्लाझ्मा गुलाबी दिसला तर थांबा. पेशी फुटल्या की त्यांतलं औषध प्लाझ्मात येतं आणि प्लाझ्माचा आकडा खराच चढतो. नवा नमुना मागवा.

मात्रा

अँटीबॉडीचा संशय घेण्याआधी साधी कारणं मोडून काढलेली बरी. लेव्हल खरोखर चढवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल. रिटोनाव्हिर तर सगळ्यांवर कडी. कोविडच्या गोळ्यांच्या पाकिटात ते असतं. ते पोटात गेलं की टॅक्रोलिमस बंद करूनही लेव्हल कित्येक दिवस हलत नाही. म्हणजे "गोळी बंद, तरी आकडा वर" हे लक्षण एकट्याने अँटीबॉडी सिद्ध करत नाही. फरक असा की रिटोनाव्हिरवाल्या रुग्णाच्या धुतलेल्या पेशींत औषध सापडतं आणि तो रुग्ण आजारीही दिसतो.

जुलाब हे हटकून विसरलं जाणारं कारण. आतड्याच्या अस्तरातलं औषध मोडणारं एन्झाइम आणि औषध बाहेर ढकलणारा पंप दोन्ही लंगडे पडतात, त्यामुळे जुलाबात टॅक्रोलिमस कमी न होता वाढतं. ग्रेपफ्रूटचं फळही त्याच यादीत.

आणि रक्त घेण्याची वेळ! सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी दिलेलं रक्त म्हणजे ट्रफ (पुढच्या गोळीआधीची सगळ्यात खालची पातळी) नाही. दिवसातून दोनदाच्या गोळीला १२ तासांनी, एकदाच्या लांब पल्ल्याच्या गोळीला २४ तासांनी, पुढची गोळी घेण्याआधी. शिरेतून औषध चालू असेल तर त्याच लाइनमधून घेतलेला नमुना टाकूनच द्यावा. प्लास्टिकला चिकटलेलं औषध त्यात उतरतं.

नेफ्रॉन

मात्रा, शंभर टक्के सहमत. वॉर्डातल्या बाजूने भर घालतो.

टॅक्रोलिमसचं अर्धायुष्य सरासरी १२ तास धरलं तर पाच अर्धायुष्यं म्हणजे अडीच दिवस. काहींचं ३५-४० तासांपर्यंत जातं, मग आठवडाभर धरा. यकृत बिघडलेलं असेल तर आणखी लांबतं. यकृत ठीक, अडथळा आणणारं औषध नाही, आणि आठवड्यानंतरही आकडा पठारासारखा सपाट, तर तो आकडा औषधाचा नाही. खरी लेव्हल उतरताना उतार दिसतोच. पण म्हणून हे सिद्ध करायला गोळी बंद ठेवण्याचा प्रयोग करू नका. प्लाझ्माची पडताळणी तासाभरात होते, रिजेक्शन (शरीराने मूत्रपिंड नाकारणं) निस्तरायला महिने जातात. संशय आला त्या दिवशी डोस आहे तिथेच ठेवा आणि लॅबशी बोला.

खऱ्या विषारी पातळीला सोबती असतात: हाताचा कंप, डोकेदुखी, क्रिएटिनिन चढणं, पोटॅशियम वर, मॅग्नेशियम खाली, साखर वर. २५ च्या पुढे लेव्हल आणि यातलं एकही नाही, तर माझा संशय कागदावर जातो, रुग्णावर नाही.

सगळ्यात घातक प्रकार मात्र वेगळाच. २२ चा आकडा निदान ओरडून सांगतो. खरी लेव्हल ३ आणि रिपोर्ट ८, तर कोण विचारणार? ८ हा आकडा तर हवाहवासा. रुग्ण कमी औषधावर राहतो, क्रिएटिनिन हळूहळू चढतं, बायोप्सीत रिजेक्शन निघतं आणि सगळे गोळ्या चुकवल्याचा आळ रुग्णावर घेतात. इथे एकच सुगावा असतो: लेव्हल भागिले रोजचा डोस. आधी दिवसाला ६ मिलिग्रॅमवर ७ येत होतं आणि आता २ मिलिग्रॅमवर ८ येतंय, मधे नवं औषध नाही, जुलाब नाहीत, तर हे गुणोत्तर सव्वावरून चारवर का गेलं याचं उत्तर शोधलंच पाहिजे.

अनवट

दोन शंका. एक, ही अँटीबॉडी रुग्णात येते कुठून? दोन, हेटेरोफाइल ब्लॉकिंग ट्यूबमध्ये नमुना घालून आकडा बदलला नाही, तर अँटीबॉडी नाही असं धरायचं का?

चंचुपात्र

दुसऱ्याचं आधी, कारण तिथे जास्त लोक फसतात. नाही, तसं धरायचं नाही. ब्लॉकिंग ट्यूबमध्ये हेटेरोफाइल अँटीबॉडींना गुंतवून ठेवणारा माल असतो. त्या उंदीर, ससा अशा प्राण्यांच्या अँटीबॉडींना ढिलेपणाने चिकटणाऱ्या. पण रुग्णाची अँटीबॉडी थेट बीटा-गॅलॅक्टोसिडेजविरुद्ध असेल तर ट्यूबमधल्या मालाशी तिला काही देणंघेणं नाही. हे एन्झाइम जिवाणूंतलं आहे, आणि जिवाणूंच्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शिवाय अँटीबॉडीचं प्रमाण फार असेल तर ट्यूबमधला माल अपुरा पडतो. ट्यूबने आकडा पडला तर सिद्ध झालं. नाही पडला तर काहीच सिद्ध झालं नाही.

पहिल्याचं उत्तर: पुष्कळदा कारण सापडतच नाही. प्राण्यांशी संपर्क, संसर्ग, रुमॅटॉइड फॅक्टर, रक्त चढवणं, ही नेहमीची यादी. प्रत्यारोपणात आणखी एक वाट आहे. सशापासून बनवलेलं अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन (रिजेक्शन रोखणारं अँटीबॉडीचं औषध) दिलं की काही रुग्ण सशाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतात. घोड्यापासूनच्याचंही तसंच. पूर्वी ओकेटी३ होतं, १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली मोनोक्लोनल अँटीबॉडी, निव्वळ उंदराची. तिच्याविरुद्ध तयार होणाऱ्या अँटीबॉडींमुळे उंदराच्या अँटीबॉडी वापरणाऱ्या सगळ्याच चाचण्या संशयात यायच्या. "रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबलेली आहे, तो कशाला अँटीबॉडी बनवेल" हा युक्तिवाद टिकत नाही. जुन्या अँटीबॉडी असतात, आणि दाबलेली म्हणजे बंद पडलेली नव्हे.

रात्रपाळी

इथे कुणीतरी विचारण्याआधीच: पद्धत बदलली की प्रश्न का सुटतो?

ज्या पद्धतींत रक्त यंत्रावर जाण्याआधी हाताने प्रथिनं साकळवावी लागतात (झिंक सल्फेट आणि मिथेनॉलसारखं द्रावक, रक्ताइतक्याच मापाचं), तिथे अँटीबॉडीही प्रथिन असल्यामुळे इतर गाळासोबत तळाशी बसते आणि वरच्या स्वच्छ द्रवात फक्त औषध येतं. अ‍ॅक्मियात ही पायरी नाही. तंत्रज्ञाचे कष्ट वाचतात हे तिचं विक्रीचं वैशिष्ट्य, आणि तेच तिचं मर्म. हाताची पायरीही नीट हवी. द्रावक घातल्या घातल्या व्हॉर्टेक्सवर धरा, पाच ते दहा सेकंद, तळाशी लाल ठिपका राहता कामा नये. उशीर केला तर वरवरची कवची साकळते आणि आतल्या पेशी तशाच राहतात, लेव्हल कमी येते. फिरवून झाल्यावर नळ्या उघड्या ठेवून चहाला गेलात तर मिथेनॉल उडून लेव्हल जास्त येते.

आणि मूळ नमुना नीट मिसळलेला हवा. हे औषध पेशींत आहे, आणि पेशी खाली बसतात. पंधरा मिनिटं रॅकमध्ये उभ्या नळीतून वरचं रक्त ओढलं तर तो आकडा कशाचाच नाही.

अनवट

मग सरळ सगळ्यांचं एलसी-एमएसएमएस (मास स्पेक, रेणू वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) का करू नये?

चंचुपात्र

करता आलं तर उत्तमच. तिथे अँटीबॉडीचा वापरच नाही. प्रथिनं साकळवायची, स्तंभातून सोडायचं, आणि टॅक्रोलिमसचा अमोनियम जोडलेला आयन ८२१ वरून ७६८ वर तुटताना मोजायचा. सोबत अस्कोमायसिन किंवा समस्थानिक घातलेलं टॅक्रोलिमस अंतर्गत मानक म्हणून. पण यंत्र महाग, चालवणारा माणूस तयार करायला वेळ लागतो, आणि सकाळी घेतलेल्या ट्रफचा आकडा संध्याकाळच्या गोळीआधी हवा असतो. संशयित नमुना मास स्पेकला पाठवणं आणि रोजचं काम इम्युनोअसेवर (अँटीबॉडी वापरणाऱ्या चाचणीवर) करणं ही तडजोड चालते.

एक सावधगिरी. इम्युनोअसे टॅक्रोलिमसच्या चयापचयातून बनलेल्या काही तुकड्यांनाही औषध समजते, त्यामुळे ती मास स्पेकपेक्षा थोडी वर वाचणं नेहमीचंच. इम्युनोअसे ९ आणि मास स्पेक ७.८ म्हणजे अँटीबॉडी सापडली असं नाही. इम्युनोअसे १९ आणि मास स्पेक २, हे प्रकरण वेगळं.

शेवरी

विषय टॅक्रोलिमसचा आहे, पण एचएलए लॅबमध्येही (जिथे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरच्या खुणा जुळतात का ते बघतात) हीच भुतं वेगळ्या वेशात फिरतात म्हणून लिहिते. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

बी-पेशी मारणारं रिटक्सिमॅब दिलेल्या रुग्णाचा बी-पेशींचा क्रॉसमॅच (रुग्णाचं सीरम दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ही चाचणी) पॉझिटिव्ह येतो. औषध रुग्णाच्या सीरममधून थेट दात्याच्या बी-पेशींवरच्या सीडी२० ला चिकटतं, एचएलएचा काही संबंध नसतो. पेशींवर प्रोनेज वापरून सीडी२० कापून काढतात. पण प्रोनेज जास्त झालं तर एचएलएसुद्धा कापलं जातं आणि नको तिथे खोटा निगेटिव्ह किंवा चिकट पार्श्वभूमी मिळते, म्हणून प्रमाण प्रत्येक लॉटला ठरवावं लागतं. अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन दिल्यावरचा सीडीसी क्रॉसमॅच (ज्यात पेशी मरतात का ते बघतात) तर वाचूच नये, ते औषध बनलंय तेच लिम्फोसाइट मारायला.

सिंगल अँटिजेन बीडमध्ये (एकेका एचएलए प्रथिनाचा लेप दिलेल्या मण्यांच्या चाचणीत) उलटा धोका. अँटीबॉडी इतकी जास्त की तिने ओढून आणलेलं कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) बीडवर थर धरतं आणि रंग देणारी दुसरी अँटीबॉडी आत शिरू शकत नाही. आकडा कमी दिसतो, आणि सगळ्यात घातक अँटीबॉडी सौम्य समजली जाते. सीरमला ईडीटीए लावा किंवा १:१० पातळ करा, आकडा उसळी मारून वर येतो. पातळ केल्यावर वाढणारा आकडा, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

नेफ्रॉन

अवांतर मुळीच नाही. याच माळेतले आणखी दोन मणी.

आयव्हीआयजी (अनेक दात्यांच्या अँटीबॉडी एकत्र करून शिरेतून दिलेलं औषध) दिल्यानंतर हिपॅटायटिस बी कोअर अँटीबॉडी किंवा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आयजीजी अचानक पॉझिटिव्ह येते. ती रुग्णाची नाही, दात्यांच्या प्लाझ्मातून उसनी आलेली. आयजीजीचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे, तेव्हा काही महिने ती दिसत राहते. या काळात अँटीबॉडी न तपासता विषाणूचा पीसीआर करा. आयव्हीआयजी चढवण्याआधीच एक सीरम बाजूला काढून ठेवलं तर हा गुंता होतच नाही.

दुसरं, मायकोफेनोलेट (गर्भाला घातक ठरणारं प्रत्यारोपणाचं औषध) सुरू करण्याआधीची गर्भचाचणी. रक्तातलं एचसीजी (गर्भधारणेचं हार्मोन) पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत काही नाही, ४८ तासांनी आकडा तेवढाच. हेटेरोफाइल अँटीबॉडीचा हा जुना खेळ. सँडविच चाचणीत ती पकडणाऱ्या आणि रंग देणाऱ्या अँटीबॉडीमध्ये पूल बांधते. लघवीतली चाचणी निगेटिव्ह आली तर संशय बळावतो, कारण अँटीबॉडीचा रेणू मोठा, गाळणीतून सहसा उतरत नाही. पण आपल्या रुग्णांच्या लघवीतून प्रथिन जात असेल तर ही कसोटी डळमळते. मग सीरम पातळ करून बघा: १:२, १:४, १:८. खरं एचसीजी हिशेबात उतरतं, अँटीबॉडी वेडीवाकडी उतरते. मूत्रपिंड निकामी असताना किंवा पाळी जाण्याच्या वयात पिट्युटरीतून थोडं खरंच एचसीजी येतं, ते मात्र हिशेबातच उतरेल.

मात्रा

सायक्लोस्पोरिन (प्रत्यारोपणातलंच दुसरं औषध) वापरणाऱ्यांनी हात झटकू नयेत. अ‍ॅक्मिया पद्धतीच्या सायक्लोस्पोरिन चाचणीतही अशाच खोट्या वाढीची नोंद आहे. तिथे प्लाझ्माची कसोटी मात्र तितकी स्वच्छ नाही, सायक्लोस्पोरिन बऱ्यापैकी प्लाझ्मातही असतं. त्यासाठी सरळ दुसरी पद्धत.

आणि रुग्णाला सिरोलिमसवरून एव्हेरोलिमसवर (दोन्ही प्रत्यारोपणाचीच औषधं) नेताना आकडा फुगतो तेव्हा रुग्णाच्या अँटीबॉडीला दोष देऊ नका. दोन्ही रेणू जुळे भाऊ, इम्युनोअसेला ते वेगळे ओळखता येत नाहीत.

अनवट

शेवटचं विचारतो. सिद्ध झालं, तर रिपोर्टवर काय लिहायचं? प्लाझ्माचा आकडा द्यायचा का?

रात्रपाळी

प्लाझ्माचा किंवा धुतलेल्या पेशींचा आकडा रिपोर्टवर अजिबात नको. ती चाचणी त्या नमुन्यासाठी प्रमाणित नाही, आणि कुणीतरी तो २ बघून डोस वाढवेल. मूळ आकडाही मागे घ्या. लिहायचं ते एवढंच: "या पद्धतीत रुग्णाच्या प्लाझ्मातील घटकामुळे खोटी वाढ आढळली. टॅक्रोलिमसचा निकाल देता येत नाही. दुसऱ्या पद्धतीने तपासणी सुचवली आहे." मग फोन करा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव व वेळ नोंदवा.

चंचुपात्र

त्यात भर: लॅबच्या संगणकात त्या रुग्णाच्या नावावर कायमचा इशारा टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्याच यंत्रावर लावणारच. अँटीबॉडी काहींत काही महिन्यांत ओसरते, काहींत वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा इशारा आपणहून काढायचा नाही. रुग्णालाही कागदावर लिहून द्या की कोणती पद्धत चालत नाही. तो गाव बदलतो, लॅब बदलतो.

उरलेला प्लाझ्मा फेकू नका. ०.५ मिलीचे दोन-तीन भाग करून उणे २० वर ठेवा. कंपनीचा माणूस आला की पहिली मागणी तीच असते, आणि पुढे रिएजंटचा लॉट बदलला की त्यातला एक भाग परत लावून बघता येतो.

रात्रपाळी

भागांवर तारखेसोबत लॉट नंबरही लिहा. नुसत्या तारखेवरून नंतर काही कळत नाही.